दहावीच्या आधीची नऊ वर्षे

महाराष्ट्रातील शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक महोदय / महोदया,



दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली की अनेक शाळांच्या कार्यालयांत एक ठरलेली धावपळ सुरू होते. एखाद्या विद्यार्थ्याला लेखनिक हवा असतो, कुणाला तासाला 20 मिनिटे जादा वेळ, कुणाला तिसऱ्या भाषेतून सूट. पालकांना तातडीने बोलावले जाते, सिव्हिल हॉस्पिटलची तारीख घेतली जाते, प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर शिक्के बसतात आणि प्रस्ताव विभागीय मंडळाकडे रवाना होतो. या कामात तुमच्यापैकी बहुतेक जण कसूर करत नाहीत. मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून स्वतः खेपा घालणारे मुख्याध्यापकही आहेत. माझी तक्रार आहे ती त्या गठ्ठ्यात काय नसते याबद्दल. पहिली ते नववी या नऊ वर्षांत या मुलाला काय वेगळ्या रीतीने शिकवले, त्यातले काय जमले, काय फसले, हे सांगणारे एक पानही त्यात सापडत नाही. मंडळ ते मागत नाही, म्हणून शाळेनेही ते कधी ठेवलेले नसते.

सवलतींना माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या हक्काच्या आहेत आणि मिळवायला आजही नको इतक्या अवघड आहेत. पण सवलत एकच काम करते. मुलाला जे येते ते कागदावर उतरवताना आडवी येणारी अडचण ती दूर करते. जे कधी शिकवलेच गेले नाही, ते लेखनिक बसवून उत्तरपत्रिकेत येत नाही. मग जादा मिळालेली मिनिटे कोऱ्या पानाकडे बघण्यात जातात आणि निकाल लागल्यावर 'एवढ्या सवलती देऊनही' असे म्हणायला सगळे मोकळे होतात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी शाळेने काय केले, याचे आपले उत्तर रॅम्प, स्वच्छतागृह, भत्ता आणि परीक्षेतली सवलत यांपाशी संपते. समग्र शिक्षातून मुलींना महिना 200 रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा भत्ता मिळाला, शाळांच्या माहितीच्या यूडायस नोंदणीत संख्या भरली, की रकाना पूर्ण. शिकवणे हे शाळेचे मुख्य काम, आणि नेमके त्याच बाबतीत या मुलाच्या वाट्याला काय आले, हे कुणी विचारत नाही. म्हणून या पत्रातली मागणी एकच आहे, बाकीचे सारे तिच्या समर्थनार्थ. तुमच्या शाळेतल्या प्रत्येक दिव्यांग मुलासाठी, आणि ज्याच्या बाबतीत तशी शंका आहे अशाही मुलासाठी, एका पानाचा वैयक्तिक अध्ययन आराखडा असावा, तो वर्गशिक्षकाच्या हातात असावा आणि दर सत्रात उघडून तपासला जावा.

ही मागणी दयेच्या खात्यातली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते आता 21 झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. कलम 16 शासनाच्या अनुदानावर किंवा नुसत्या मान्यतेवर चालणाऱ्या संस्थांबद्दल बोलते, म्हणजे भरमसाट शुल्क घेणाऱ्या विनाअनुदानित शाळाही त्यातून सुटत नाहीत. विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणे, लागेल तिथे वैयक्तिक साहाय्य देणे, अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे उपाय योजणे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे, हे सारे त्या एका कलमात आहे. त्याच्याही आधी, 2010 मध्ये लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 ने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले होते; तिथे दिव्यांगत्वाची अटही नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने लेखनिकाची सोय 40 टक्के दिव्यांगत्वाच्या मर्यादेला बांधून ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. सोय कोणती करायची हे त्या व्यक्तीची नेमकी गरज पाहून, तिच्याशी बोलून ठरवायचे, हे त्या निकालाचे सूत्र. सर्वांना सरसकट एकच सवलत देणारी पद्धत त्या सूत्रात बसत नाही.

टक्केवारीचा विषय निघालाच आहे, तर प्रमाणपत्राबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार इथेच मांडतो. 'आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू' हे वाक्य पालकांना शाळेत सर्रास ऐकवले जाते. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत त्याचा परिणाम काय होतो ते पाहा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून पुढे मिळते. त्यामागे कारण आहे. काही मुले मुळात उशिरा वाचायला लागतात, त्यांच्यावर घाईने शिक्का बसू नये. निदानातली ही सावधगिरी योग्यच. पण आपण ती उचलून अध्यापनाला लावली. सहाव्या वर्षी पहिलीत आलेले मूल आठ वर्षांचे होते तेव्हा ते तिसरीत असते. वाचायला शिकवले जाते ते पहिली-दुसरीत. तिसरीपासूनची पुस्तके मुलाला वाचता येते असे धरूनच चालतात. म्हणजे ज्या दोन वर्षांत मदतीचा सर्वाधिक उपयोग, ती दोन वर्षे प्रमाणपत्राची वाट पाहण्यात जातात. आणि अमुक मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत हे ओळखायला सिव्हिल सर्जनची सही कशाला हवी? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'प्रशस्त' नावाची पडताळणी सूची शिक्षकांसाठीच तयार केली आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या 'डाली' या वाचन-अक्षमतेच्या चाचण्या मराठीतही आहेत. ही साधने अंतिम निदान करत नाहीत, पण उद्यापासून कुठे जोर द्यायचा एवढे नक्की सांगतात. प्रमाणपत्र लागते ते मंडळाला, समाजकल्याणला, रेल्वेच्या सवलतीला. शिकवायला लागत नाही.

आता आराखडा म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू, कारण त्याची धास्ती बहुधा त्याच्या नावानेच वाढते. समजा, तिसरीतल्या एका मुलाचे वाचन अडते आहे. 'वाचन कौशल्य सुधारणे' असे उद्दिष्ट लिहिले तर ते कुठल्याही मुलाला, कितीही वर्षे लागू पडेल. त्यापेक्षा पान असे हवे. आज काय येते: काना, मात्रा, वेलांटीचे शब्द वाचतो, उकारात गोंधळतो, जोडाक्षर आले की पहिल्या अक्षरावरून अंदाजाने शब्द ठोकतो. जमेची बाजू: ऐकलेली गोष्ट क्रम न चुकवता सांगतो. दिवाळीच्या सुटीपर्यंत काय यावे: 'रस्ता', 'पुस्तक', 'चिठ्ठी' असे एकच जोडाक्षर असलेले वीस शब्द न अडखळता. कोण आणि केव्हा: वर्गशिक्षिका, आठवड्यातून चार दिवस परिपाठानंतर 15 मिनिटे, शब्दपट्ट्यांवर अक्षरे फोडून आणि जोडून. तोवर परिसर अभ्यासाचे काय: धडा शेजारच्या मुलाने वाचून दाखवायचा, उत्तरे तोंडी घ्यायची, म्हणजे वाचन अडले म्हणून बाकीचे विषयही बुडणार नाहीत. कसे तपासायचे: दर पंधरवड्याला न पाहिलेले दहा शब्द, तारखेसह नोंद. संपले पान. अल्पदृष्टी असलेल्या मुलीच्या पानावर वेगळे मुद्दे येतील. फळ्यावर लिहिताना बाई ते मोठ्याने म्हणतील, तिची जागा खिडकीच्या झळाळीपासून दूर असेल, गणिताच्या वहीला जाड रेघा असतील, नकाशा मोठा करून मिळेल. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीच्या पानावर कदाचित एकच ओळ येईल: ही सातवीत गेली तरी हिचा वर्ग तळमजल्यावरच भरेल. ही ओळ मात्र वर्गशिक्षक अमलात आणू शकत नाही. वर्गखोल्या आणि वेळापत्रक तुमच्या हातात असते, म्हणून हे पत्र शिक्षकांना न लिहिता तुम्हाला लिहिले आहे.

असे पान शाळेत आले की त्याचे काय होऊ शकते, याची मला पुरती कल्पना आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती. प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून शिक्षकाने चार ओळी लिहायच्या. थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्या मोबाइलवर फिरू लागल्या, आणि 'सुंदर अक्षरात लेखन करतो', 'परिपाठात सहभाग घेतो' ही वाक्ये वर्गाच्या वर्गांना चिकटली. आराखड्याचेही असेच होईल ही भीती रास्त आहे, आणि ती आपल्यापुरती नाही. अमेरिकेत 1975 च्या कायद्यापासून प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा लेखी वैयक्तिक आराखडा सक्तीचा आहे. तरीही कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या पालकांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याच्या आराखड्यात वर्षानुवर्षे जवळपास तीच उद्दिष्टे पुढे ढकलली जात होती. 2017 मध्ये त्या न्यायालयाने एकमताने सांगितले की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती घडेल असाच आराखडा हवा. यातून मी घेतो तो धडा व्यवहाराचा आहे. आराखडा खरा की खोटा हे ओळखायला मागच्या वर्षीचे पान शेजारी ठेवावे. दोन्हींतली उद्दिष्टे सारखीच असतील, तर एकतर मूल शिकले नाही किंवा कागद उतरवून काढला. दोन्ही बाबतीत प्रश्न विचारायचे काम मुख्याध्यापकाचे.

वैयक्तिक अध्ययनाच्या नावाखाली दोन गोष्टी सध्या शाळांत खपवल्या जातात, त्यांबद्दलही थोडक्यात. पहिली म्हणजे प्रशिक्षणांतून शिकवले जाणारे 'दृश्य, श्राव्य आणि कृतिशील' असे मुलांचे वर्गीकरण. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरचे संशोधन तपासले, तेव्हा मुलाच्या तथाकथित शैलीनुसार शिकवल्याने ते जास्त शिकते याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. अंध मुलाला स्पर्शाने शिकवायचे ते त्याला दिसत नाही म्हणून; त्याची 'शैली' वगैरे काही नसते. दुसरी गोष्ट टॅबलेट. यंत्र उपयोगी पडते, अंध विद्यार्थ्याला तर पुस्तक वाचून दाखवणारा फोन मोठाच आधार आहे. पण दात्यांकडून आलेले टॅबलेट कपाटात कुलूपबंद ठेवून 'आमच्याकडे पर्सनलाइज्ड लर्निंग आहे' असा फलक लावणे, याला काय म्हणावे?

यावर तुमचे म्हणणे काय असेल, ते मला ठाऊक आहे. पहिले म्हणजे विशेष शिक्षक कुठे आहेत? हा आक्षेप शंभर टक्के खरा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये पहिली ते पाचवीसाठी दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी पंधरामागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. त्या प्रमाणाच्या आसपासही आपण नाही. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेले विशेष शिक्षक आणि गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ यांच्या वाट्याला अनेक शाळा येतात, आणि एका शाळेत त्यांची फेरी होते ती उभ्याउभ्या. शासनाला याचा जाब विचारलाच पाहिजे. पण यातून 'म्हणून वर्गशिक्षकाने काही करायचे नाही' हा निष्कर्ष निघत नाही. विशेष शिक्षक दररोज आला तरी मूल दिवसाचे पाच-सहा तास वर्गशिक्षकासमोरच बसणार. ब्रेल, खुणांची भाषा, स्वमग्न मुलाचे वर्तन हे तज्ज्ञाचे काम आहे. ते जमत नसल्याबद्दल वर्गशिक्षकाला दोष देता येणार नाही. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने म्हणणे हे मात्र तज्ज्ञाचे काम नाही.

दुसरा आक्षेप पटसंख्येचा. साठ मुलांच्या वर्गात एकेकाकडे कोण बघणार? इथे मुंबईचाच एक पुरावा हाताशी आहे. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने 'बालसखी' हा उपक्रम राबवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले, साधारण पंधरा ते वीस, दिवसातून दोन तास वर्गाबाहेर घेऊन त्याच वस्तीतली एक तरुणी त्यांना त्यांच्या पातळीपासून वाचन आणि अंकगणित शिकवायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याचा काटेकोर अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांचे अधिक वाढले. या अभ्यासातली एक गोष्ट मला विशेष बोलकी वाटते. ती मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी व्हायची, पण वर्गात उरलेल्या मुलांच्या शिकण्यात त्यामुळे फरक दिसला नाही. पट कमी होऊन शिकवणे तेच राहिले, तर फारसे काही बदलत नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवले तर बदलते, आणि तेही पदवीधर शिक्षक नसलेल्या तरुणीच्या हातून. हा अभ्यास खास दिव्यांग मुलांवरचा नव्हता, हे सांगायला हवे. पण वर्गशिक्षकाला लागू असणारे उत्तर त्यात आहेच. शिवाय साठच्या साठ मुलांचे आराखडे कुणी मागत नाही.

'इतर मुलांवर अन्याय होतो' आणि 'अशा मुलांसाठी विशेष शाळा आहेत' हे दोन आक्षेप सहसा जोडीने येतात. पहिल्यात फारसे तथ्य नाही. फळ्यावरचे शब्द मोठ्याने म्हटले तर मागच्या बाकावरच्या सगळ्यांचाच फायदा होतो, आणि तोंडी उत्तरे घेतल्याने कुणाचेही गुण कमी होत नाहीत. दुसरा अधिक गंभीर आहे. विशेष शाळांचे काम मोठे आहे. मुंबईतली मूकबधिरांची शाळा 1885 ची, आणि तेव्हापासून या राज्याने या क्षेत्रात बरेच कमावले आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांत 'दिशा अभियाना'तून प्रत्येक मुलाचे मूल्यमापन करून त्याच्यापुरता अभ्यास आखण्याची पद्धतही रुजते आहे. म्हणजे विद्या महाराष्ट्रातच आहे. अडचण अशी की विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि तुम्ही शालेय शिक्षण विभागाकडे. एका खात्यातले ज्ञान दुसऱ्या खात्याचा उंबरठा ओलांडत नाही. आणि खेड्यातल्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणची विशेष शाळा सांगणे म्हणजे बहुतेकदा घरी बसायला सांगणे असते. युनेस्को आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 2019 च्या अहवालात 2011 च्या जनगणनेच्या आधारे नोंद आहे की देशातली 5 ते 19 वयोगटातली 27 टक्के दिव्यांग मुले कधीच शाळेत गेली नव्हती आणि 12 टक्के मध्येच गळाली होती. विशेष की सर्वसाधारण, ही निवड कायद्याने मुलाला दिली आहे. प्रवेशाच्या टेबलावर बसून ती शाळेने करायची नाही.

पालक मान्यच करत नाहीत, हेही तुम्ही म्हणाल. काही करत नाहीत. 'तुमच्या मुलात दोष आहे' असे ऐकल्यावर कोण मान्य करेल? 'उकारात गोंधळतो, दिवाळीपर्यंत आपण एवढे करू, तुम्ही घरी रात्री दहा मिनिटे ऐका' असे सांगितले तर बोलणे वेगळ्या वाटेने जाते, आणि त्यात दिव्यांगत्वाचे नावही घ्यावे लागत नाही.

घाई एवढ्यासाठी की 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. पुनर्परीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात राहू शकते. ज्याला पहिल्या वर्षी जसे शिकवले ते पोहोचले नाही, त्याला दुसऱ्या वर्षी तसेच शिकवून काय होणार? आराखड्याविना मागे ठेवलेल्या मुलाच्या बाबतीत नापास झाले कोण, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारले तर तुमच्याकडे दाखवायला कागद हवा.

म्हणून विनंत्या अशा. जूनमध्ये, शाळेच्या पहिल्या महिन्यात, वर्गशिक्षकांकडून 'प्रशस्त' सूची भरून घ्यावी आणि जुलैअखेर दिव्यांगत्व निश्चित वा संभाव्य असलेल्या प्रत्येक मुलाचे पान तयार करावे. प्रमाणपत्र असो वा नसो. पान लिहिताना पालक समोर असावेत आणि मूलही. पाचवी-सहावीतले मूल आपल्याला काय जड जाते ते नीट सांगू शकते, त्याला कुणी विचारत नाही इतकेच. या कामासाठी वर्गशिक्षकाला आठवड्यात एक तासिका मोकळी द्यावी, नाहीतर ते काम रात्री घरी होईल आणि वर्णनात्मक नोंदींच्या वाटेने जाईल. दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये प्रत्येक पान स्वतः पाहावे, सही करण्यापूर्वी मागचे पान काढून. मूल जिल्हा परिषदेच्या चौथीतून हायस्कूलच्या पाचवीत जाते तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत ही पानेही जावीत. आज नवी शाळा सगळे शून्यापासून शोधते आणि त्यात एक वर्ष जाते. आणि हे करताना जे शिक्षक, जी साधने, जी तळमजल्यावरची खोली कमी पडेल, त्याची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. पोच अवश्य घ्यावी.

कळावे,

आपला नम्र,
शालेय शिक्षणाच्या प्रश्नांवर लिहिणारा एक नागरिक